छोट्या गावातल्या कादंबऱ्या हातातून का सुटत नाहीत?

रेघोटी

छोट्या गावात घडणाऱ्या कादंबऱ्यांची शिफारस करताना लोक हमखास 'निवांत', 'संथ', 'साधीभोळी माणसं' असं काहीतरी म्हणतात. मला हे कधी पटलेलं नाही. या प्रकारातल्या नावाजलेल्या पुस्तकांत निवांत फारच थोडं सापडतं. कर्जबाजारीपणा आहे, अब्रूचे धिंडवडे आहेत, वर्षानुवर्षं धरलेले डूख आहेत. निवांतपणा शोधत आलेला वाचक फसतो, आणि तरी पुस्तक खाली ठेवत नाही.

मला वाटतं, कारण एवढंच की तिथे कुणालाच तोंड लपवता येत नाही. महानगरातल्या कादंबरीत नायकाने घोळ घातला की तो खोली बदलतो, नोकरी बदलतो, पुढच्या प्रकरणात नवी माणसं येतात. गावात काल ज्याच्याशी वाजलं तोच आज पोस्टाच्या रांगेत पुढे उभा असतो. केलेलं निस्तरावंच लागतं, फार तर थोडं लांबतं. कथानकाला जो दाब लागतो तो लेखकाला इथे आयता मिळतो.

जॉर्ज इलियटची 'मिडलमार्च' (१८७१-७२) घ्या. गावात नवा आलेला डॉक्टर लिडगेट हुशार आहे, थोडा ताठ आहे आणि कर्जात रुतलाय. बँकर बुलस्ट्रोड त्याला १,००० पौंड देतो. त्याच सुमारास बुलस्ट्रोडची जुनी भानगड ठाऊक असलेला एक दारुडा बुलस्ट्रोडच्याच मळ्यातल्या घरात, लिडगेटचे उपचार चालू असताना मरतो. गावाला या दोन गोष्टी कळतात. मधला दुवा गाव आपणच जोडतं. मग टाउन हॉलमध्ये सभा भरते. विषय कॉलऱ्याचा, मयतांसाठी जागा कुठे करायची याचा. तिथे सगळ्यांदेखत बुलस्ट्रोडला सभा सोडून जायला सांगतात. तो उठतो, पण त्याला धड उभंही राहवत नाही. शेजारी लिडगेट. तो उठून हात देतो आणि त्याला बाहेर घेऊन जातो. झालं! दारापर्यंतच्या त्या चार पावलांत डॉक्टर बुडाला, कारण अख्खं गाव बघत होतं. आणि आपण हात दिला की लोक काय समजणार, हे लिडगेटला उठतानाच कळतं. तरी तो उठतो. लंडनच्या गर्दीत हाच हात दिला असता तर कोण विचारणार होतं?

तुम्हाला अशा पुस्तकांत काय सापडतं? याद्या नकोत, एखादा प्रसंग सांगा. शेवट फुटले तरी चालतील, बरीच पुस्तकं शंभरी ओलांडलेली आहेत.

आळशी वाचक

वाचनखूण साठवली. सविस्तर नंतर लिहितो. (हे 'नंतर' खरं आहे.)

तिरकस तात्या

रेघोटीताई, 'दाब' वगैरे भारदस्त शब्द राहू द्या हो. खरं कारण कुचाळक्या. दुसऱ्याच्या घरात डोकवायला आपल्याला आवडतं, आणि कादंबरीतून डोकावलं तर कुणी नावं ठेवत नाही, उलट वाचनाची आवड आहे म्हणून कौतुक होतं.

गोगोलची 'डेड सोल्स' (१८४२) बघा. 'एन' नावाच्या गावात चिचिकोव हा गोडबोल्या उपटतो आणि जमीनदारांकडून मेलेले भूदास विकत घ्यायला लागतो. दोन शिरगणत्यांच्या मधे मेलेला भूदास कागदावर जिवंतच असायचा आणि त्याचा कर मालकाच्या बोकांडी बसायचा. चिचिकोवला ही कागदी माणसं गहाण टाकून पैसे उचलायचेत. गावाला यातलं ओ का ठो कळत नाही. पण कळत नाही म्हणून गप्प बसेल ते गाव कसलं! दोन बायका एका सकाळी बसून ठरवून टाकतात की याला गव्हर्नरची मुलगी पळवायची आहे. पोस्टमास्तर छातीठोकपणे सांगतो, हा कॅप्टन कोपेकिन, लढाईवरून आलेला. आणि त्याची भलीमोठी हकीकत रंगवून ऐकवतो. मधेच कुणीतरी विचारतं, अहो, तुमच्या त्या कॅप्टनला एक हात आणि एक पाय नव्हता ना? चिचिकोव तर चांगला धडधाकट. मग निघतं की तो वेष पालटलेला नेपोलियन तर नसेल? या सगळ्याचा विचार करकरून गावचा सरकारी वकील घरी जाऊन मरतो!

हे वाचताना मी परिणाम-बिरिणाम शोधत नव्हतो. मी त्या दोन बायकांच्या शेजारी बसून कान देत होतो.

नीलमोहर

तात्या, कान देण्यातली मजा मान्य. पण कुचाळक्यांचं दुसरं अंगही त्याच 'मिडलमार्च'मध्ये आहे. बुलस्ट्रोडचं सगळ्या गावाला कळलं, कळलं नाही ते त्याच्या बायकोला. ती एकेका मैत्रिणीकडे जाते. सगळ्याजणी नको तितक्या प्रेमाने बोलतात, त्यावरूनच तिच्या पोटात गोळा येतो. शेवटी भाऊ सांगतो. ती घरी येऊन खोलीत कोंडून घेते, रडून घेते. मग अंगावरचे दागिने काढते, साधा काळा पोशाख घालते, डोक्यावर साधी टोपी चढवते आणि नवऱ्यासमोर जाऊन बसते. तो मान वर करत नाही. ती त्याला वर बघायला सांगते.

पूर्ण कादंबरीत ही बाई तशी किरकोळ, थोडी भपक्याची हौस असलेली. आणि लेखिका तिला हे एक प्रकरण देते. गावाने वाळीत टाकल्याशिवाय ही बाई आपल्याला दिसलीच नसती.

बाकावरचा

'बनगरवाडी' (१९५५) अजून कुणी कशी काढली नाही? परका मास्तर येतो, हळूहळू वाडीचा होतो, मग दुष्काळ पडतो आणि वाडीच उठून जाते. छोट्या गावाची यापेक्षा चांगली कादंबरी मराठीत दाखवा.

रेघोटी

@बाकावरचा, माडगूळकरांबद्दल वादच नाही. पण ती वाडी आहे, धनगरांची. मी म्हणतेय ते खेड्यापेक्षा मोठं आणि शहरापेक्षा लहान गाव, जिथे कचेरी असते, बँक असते, हायस्कूल असतं, एखादं कॉलेज असतं. वाडीत सगळे एकमेकांना ओळखतात. अशा गावात तीन-चार गट असतात, एकमेकांना पाण्यात पाहतात, आणि तरी त्यांना एकाच डॉक्टरकडे जावं लागतं. मला त्यातली ओढाताण वाचायला आवडते.

आर. के. नारायणांचं मालगुडी बरोबर या मापाचं आहे. 'द फायनान्शियल एक्स्पर्ट' (१९५२) मधला मार्गय्या सहकारी बँकेच्या समोर वडाखाली पत्र्याची पेटी घेऊन बसतो. पेटीत काय, तर कर्जाचे कोरे अर्ज, दौत, टाक. खेड्यातून आलेल्या शेतकऱ्याला बँकेचा कागद कळत नाही, बँकेला शेतकरी कळत नाही, आणि या दोहोंमधल्या फटीत मार्गय्याचं पोट भरतं. वाडीत तो उपाशी मेला असता. मोठ्या शहरात त्याच्याजागी एखादी फर्म असती.

आळशी वाचक

मार्गय्यावरून श्रीलाल शुक्लांच्या 'राग दरबारी' (१९६८) मधला लंगड आठवला. तहसील कचेरीतून एक नक्कल हवी असते. लाच द्यायची नाही असं त्याने ठरवलेलं, कारकुनानेही नियमानेच द्यायची असं ठरवलेलं! अर्जात कधी हे चुकतं, कधी ते. तो खेपा घालतच राहतो. शिवपालगंजातल्या बाकीच्या पुढाऱ्यांची भाषणं मी विसरलो, लंगडची काठी विसरलो नाही.

बाकी माझं कारण तुम्हा सगळ्यांपेक्षा वेगळं आहे. मला या पुस्तकांतला कंटाळा आवडतो. म्हणजे पात्रांना आलेला. 'मादाम बोव्हारी'त बिने नावाचा एक करवसुलीवाला आहे. कादंबरीत त्याला काही काम नाही. घरी लेथ आहे आणि रिकामा वेळ मिळाला की त्यावर तो लाकडी कड्या कातत बसतो, जेवणाच्या टेबलावरचे रुमाल अडकवायच्या. विकत नाही, कुणाला देत नाही. घर कड्यांनी भरून गेलंय. गावात कुठेही गेलं तरी त्या लेथची घरघर. नायिका एमाला तिच्या प्रियकराचं निरोपाचं पत्र येतं, ती ते घेऊन माळ्यावर जाते, खिडकीतून वाकून स्वतःला खाली झोकून द्यायच्या बेतात असते, आणि समोरच्या घरातून बिनेची घरघर चालूच. तिचं आभाळ कोसळलंय आणि हा कडी कातून पुरी करतोय. फ्लोबेर त्यावर एक शब्द बोलत नाही.

या पुस्तकावर १८५७ साली अनीतीचा खटला झाला. फ्लोबेर सुटला. सरकारी वकिलाचा राग एमावर होता म्हणे. मी असतो तर बिनेला आत टाकलं असतं.

खडूफळा

मोठी माणसं पुरे झाली, आता मुलांचं बोलू. मिलिंद बोकीलांची 'शाळा' (२००४). आणीबाणीचा काळ, नववीतला मुकुंद जोशी आणि त्याची तीन टाळकी. बसायला जागा म्हणजे एक अर्धवट बांधून सोडलेली इमारत. तिथून रस्ता दिसतो, रस्त्यावरची मुलगी दिसते, पण रस्त्यावरून ही मुलं दिसत नाहीत. रेघोटीताईंचा मुद्दा इथे उलटा बसतो बघा. ज्या गावात लपायला जागा नाही तिथे लपायची एक जागा सापडली की तिला किती किंमत येते! त्या मुलीशी, शिरोडकरशी, दोन वाक्यं बोलायची तर किती बेत, किती आडवळणं. कुणीतरी बघेल, बघणारा मास्तरांना सांगेल, मास्तर घरी. मोठ्या शहरात हे पोरगं सरळ बोललं असतं आणि कादंबरी तीस पानांत आटोपली असती.

मधलं पान

एक निराळा मुद्दा. गोष्ट सांगतंय कोण, ते बघा. शहरातल्या कादंबरीला 'मी' किंवा 'तो' पुरतो. छोट्या गावात कितीदा तरी 'आम्ही' सांगत असतो. फॉकनरची 'अ रोज फॉर एमिली' ही कथा आहे, कादंबरी नाही, पण त्यात आख्खं गाव एका आवाजात बोलतं: आम्हाला वाटलं, आम्ही पाहिलं, आम्हाला तिची कीव आली. आणि बोलता बोलता गाव स्वतःच उघडं पडतं, की वर्षानुवर्षं आम्ही बघत होतो आणि कुणीच दार ठोठावलं नाही.

दस्तयेवस्कीचा निवेदक त्याहून अवली. 'द ब्रदर्स करमाझोव्ह' (१८७९-८०) मध्ये तो गावातलाच कुणीतरी आहे, सारखा 'आमचं गाव, आमचं गाव' करतो, पण नाव सांगत नाही. शेकडो पानं गेल्यावर एकदाचं सांगतो, तेही ओशाळून, की काय करणार, आमच्या गावाचं नाव हेच आहे, इतके दिवस लपवत होतो. नावात गुरं हाकून आणण्याचा संबंध आहे! ईश्वर आहे की नाही यावर भावाभावांची एवढी घमासान चर्चा चाललीय, आणि निवेदकाला चिंता गावाच्या नावाची.

तिरकस तात्या

मधलं पान, हे झकास. मी ते नाव वाचून चक्क पुढे गेलो होतो.

नीलमोहर

सगळे लांडगेतोडच चाललेत म्हणून दुसरी बाजू मांडते. केंट हरुफच्या बहुतेक कादंबऱ्या होल्ट नावाच्या कल्पित गावात घडतात, कोलोरॅडोत. 'प्लेनसाँग' (१९९९) मध्ये एका गरोदर मुलीला आई घरात घेत नाही. शाळेतली एक शिक्षिका तिला दोन म्हाताऱ्या भावांकडे नेते. दोघे अविवाहित, गुरं पाळणारे, उभ्या आयुष्यात घरात बाई नाही. ते तिला ठेवून घेतात. पण बोलायचं काय तिच्याशी? पोरगी गप्प गप्प असते. शिक्षिका म्हणते, अरे, बोला तिच्याशी काहीतरी. तर रात्री जेवताना हे दोघे तिला बाजारभाव समजावून सांगायला लागतात. सोयाबीनचं काय चाललंय, गुरांचं काय चाललंय. आणि ती प्रश्न विचारते! मी ते प्रकरण किती वेळा वाचलं असेल.

ही मदतही गाव छोटं असल्यामुळेच शक्य होते. कुणाच्या घरात रिकामी खोली आहे आणि कुणाच्या मनात जागा आहे, हे त्या शिक्षिकेला ठाऊक होतं.

त्याचीच शेवटची 'अवर सोल्स अॅट नाइट' (२०१५) मात्र रेघोटीच्या बाजूने जाते. विधवा अॅडी शेजारच्या विधुर लुईला विचारते, रात्री सोबतीला येशील का, नुसतं पडून गप्पा मारायला. तो येतो, पण मागच्या गल्लीतून, मागच्या दाराने. ती त्याला सांगते, पुढच्या वेळी पुढच्या दाराने ये. लोक काय म्हणतील याची काळजी आयुष्यभर केली, आता बास. तिथून पुढची सगळी कादंबरी त्या पुढच्या दारावर उभी आहे.

रेघोटी

हरुफ माझ्या बाजूचाच आहे, 'प्लेनसाँग'सकट. 😀 ती शिक्षिका मुलीला पाठ दाखवू शकली नसती, कारण तीच मुलगी दुसऱ्या दिवशी तिच्या वर्गात बसणार होती.

काठावर

धागा छान चाललाय, पण 'सगळे सगळ्यांना ओळखतात', 'अख्खं गाव बघत होतं' ही वाक्यं मला खटकतात. सगळे म्हणजे कोण?

फॉकनरने 'अॅबसलम, अॅबसलम!' (१९३६) बरोबर आपल्या कल्पित परगण्याचा स्वतः काढलेला नकाशा छापला. त्यावर लोकसंख्या दिली आहे: गोरे ६,२९८ आणि निग्रो (त्या काळचा शब्द) ९,३१३. खाली मालक म्हणून स्वतःचं नाव, हा त्याचा मिस्कीलपणा. पण आकडे बघा. परगण्यात गोरे कमी आहेत, आणि त्या भागातल्या बहुतेक कादंबऱ्यांतलं 'गाव' म्हणजे तेवढेच.

'टू किल अ मॉकिंगबर्ड' (१९६०) मधला एक प्रसंग मला खटल्यापेक्षा जास्त लक्षात आहे. वडील परगावी असताना घरची स्वयंपाकीण कॅलपर्निया मुलांना तिच्या चर्चला घेऊन जाते. तिथे ती तिच्या माणसांशी वेगळ्याच धाटणीत बोलते. गोष्ट सांगणारी छोटी स्काउट चक्रावते. कॅलपर्नियाला आमच्या घराबाहेर एक आयुष्य आहे, हे तिच्या कधी डोक्यातच आलेलं नसतं. तिने वाढवलेलं पोर हे! मेकॉम्ब एवढंसं गाव, रोज एकाच स्वयंपाकघरात वावर, आणि ओळख ही एवढी.

आपल्याकडचंही तपासून बघा. गावाच्या कितीतरी कादंबऱ्यांत वेशीबाहेरची वस्ती उल्लेखापुरती येते आणि जाते.

रेघोटी

@काठावर, हा मुद्दा धाग्याच्या मुळावर येणारा आहे आणि म्हणूनच आवडला. 'तोंड लपवता येत नाही' हे ज्याच्या तोंडाची गावाला दखल आहे त्याच्यापुरतंच खरं, असं म्हणावं लागेल. लिडगेटची बदनामी व्हायला आधी त्याला नाव असावं लागतं. ज्याला गाव मोजतच नाही त्याची गोष्ट वेगळी सुरू होते, आणि ती त्याने स्वतःच लिहावी लागते. मराठीत दलित आत्मकथनांनी ते गाव दाखवलं. तीच वेस, तोच पाणवठा, फक्त पाहणारा पलीकडच्या बाजूला उभा. कादंबऱ्यांत हे तितक्या ताकदीने आलंय का? जाणकारांनी लिहावं.

बाकावरचा

जाणकार येईपर्यंत थोडं हलकंफुलकं. कल्पित गाव इतकं खरं वाटतं की खऱ्या गावांची पंचाईत होते. सिंक्लेअर लुईसने 'मेन स्ट्रीट' (१९२०) मध्ये गोफर प्रेअरी नावाच्या गावाची यथेच्छ टिंगल केली. त्याचं स्वतःचं गाव, मिनेसोटातलं सॉक सेंटर, समजायचं ते समजलं आणि भडकलं. १९३० साली त्याला साहित्याचं नोबेल मिळालं, ते मिळवणारा तो पहिला अमेरिकन. आज तिथे त्याच्या नावाचा रस्ता आहे आणि शाळेचे संघ 'मेन स्ट्रीटर्स' म्हणून खेळतात. मार्केझच्या जन्मगावाने, अराकाताकाने, तर २००६ साली गावाच्या नावाला 'माकोंदो' (त्याच्या कादंबरीतलं कल्पित गाव) जोडायचं की नाही यावर मतदान घेतलं. पुरेसे लोक मतदानालाच फिरकले नाहीत, त्यामुळे ठराव बारगळला.

तिरकस तात्या

'पुरेसे लोक फिरकले नाहीत' हे मार्केझनेही असंच लिहिलं असतं.

आळशी वाचक

कुणी त्या हल्लीच्या गोग्गोड कादंबऱ्यांबद्दल बोलणार का? नायिका शहरातली नोकरी सोडून गावी येते, बेकरी काढते, शेजारी नेमका देखणा आणि घटस्फोटित. मी एक वाचली. गावात एकाचंही दुसऱ्याशी वैर नाही. शंभर पानांनंतर मला बिनेची आठवण यायला लागली.

नीलमोहर

आजारपणात त्याच बऱ्या वाटतात हो. डोक्याला ताप नाही. पण धाग्याच्या विषयात त्या बसत नाहीत, कारण त्यात गाव नसतंच, पडदा असतो.

खडूफळा

उशिरा विचारतोय, पण खुनाच्या कादंबऱ्या चालतील का इथे? अगाथा ख्रिस्तीच्या मिस मार्पलचं गाव, सेंट मेरी मीड?

रेघोटी

धावतील! आकाराने ते खेडंच आहे, पण डॉक्टर, वकील, पाद्री, निवृत्त कर्नल सगळे हजर, म्हणून सवलत. मार्पलबाईंची पद्धत बघा. बोटांचे ठसे वगैरे पोलिसांवर सोपवलेलं. या म्हणणार, हा माणूस मला आमच्या गावातल्या अमक्याची आठवण करून देतो, त्यानेही असंच केलं होतं. आयुष्यभर खिडकीत बसून विणकाम करता करता माणसांचे नमुने साठवलेत, त्यावर सगळा तपास चालतो. तात्यांच्या कुचाळक्या आणि माझा 'दाब' यांचा समेट हवा असेल तर तो तिथे आहे.

सुरुवात करायची तर 'द बॉडी इन द लायब्ररी' (१९४२) आधी घ्या. पहिली 'द मर्डर अॅट द व्हिकारेज' (१९३०) आहे, पण त्यातल्या मार्पलबाई जरा जास्तच खवचट आहेत.

तिरकस तात्या

मग मी 'व्हिकारेज'पासूनच सुरू करतो.